बिनचुलीचं घर

यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, जावयाला वाण द्यायचं, ही आपल्याकडची रीत. जालन्याचे जगन्नाथराव आणि उमाबाई त्या तयारीला लागणार, तेवढ्यात पुण्याहून जावयाचा, पार्थचा, फोन आला.

"आई, या वर्षी घरी घाट घालू नका. सातपुड्यात दोन दिवसांसाठी एक लाकडी केबिन घेतलीय मी. थंडगार डोंगर आहे. तुम्ही, बाबा, यशश्री आणि मी. तुम्ही तिथं नुसतं बसायचं."

"काय करायचं?"

"नुसतं बसायचं, आई."

उमाबाईंनी ते शब्द पुन्हा एकदा म्हणवून घेतले. या घरात आल्यापासून त्या बसल्या होत्या त्या निवडायला, सोलायला, नाही तर कुणाच्या आजारपणात उशाशी. नुसतं बसणं कधी वाट्याला आलं नव्हतं. पार्थनं फोटोही पाठवले. मोठी खिडकी, बाहेर धुकं, दोन खुर्च्या, एक पलंग. उमाबाईंनी एकेक फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. ओटा कुठं दिसेना. गॅस दिसेना. खरकटी भांडी ठेवायची मोरीही दिसेना. इतकं देखणं घर त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पुढं रोज दुपारी भांडी आवरली की त्या ते फोटो काढून बघत.

पण घरात जगन्नाथराव होते. बियाण्यांच्या कंपनीत त्यांची सारी नोकरी कोणत्या तालुक्याला कोणती गाडी धाडायची हे ठरवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर ठरवायला काही उरलं नाही, म्हणून ते घरात आमटीला फोडणी कधी बसावी हे ठरवत. डोंगराचं कळल्याबरोबर त्यांनी मोबाइलवर 'डोंगर मोहीम' नावाचा ग्रुप काढला आणि चष्मा पुसून पहिला मुद्दा मोठ्यानं वाचत घातला.

"जावयाचं घर, जावयाचं जेवण, अन् सासू-सासरे पाहुणे! तेही धोंड्याच्या महिन्यात? लोक काय म्हणतील?"

"डोंगरावर कोण लोक आहेत?" उमाबाईंनी विचारलं.

"मी आहे ना!" जगन्नाथराव म्हणाले. "धोंडे आपणच घालायचे. तिथं, डोंगरावर. रीतही राहते, हवाही मिळते."

उमाबाईंनी समोरचा फोटो बंद केला. पण त्यांना वाटलं, केबिनवाला नाही म्हणेल. झालंही तसंच. केबिनची देखभाल करणाऱ्या रखमाजीला फोन लावला, तर तो म्हणाला, "साहेब, खोली लाकडाची हाय. आत जाळ चालत न्हाई. जेवण आम्हीच देतो ना."

"विकतचं जेवण धोंड्याला चालत नाही," जगन्नाथराव म्हणाले. "बाहेर झाड आहे का?"

"झाडाला काय तोटा, साहेब? जंगल हाय."

"झालं तर. शेगडी झाडाखाली."

मग भावाला न सांगता डोंगर कसा चढायचा, म्हणून जाफराबादेहून थोरले बंधू कडूबा आणि त्यांच्या पत्नी साळूबाई यांना बोलावणं गेलं. दोघंही निघायच्या आदल्या दिवशीच येऊन टेकले. कडूबांनी चहा बशीत ओतला आणि विचारलं, "जगन्नाथ, डोंगरावर जाऊन करायचं काय?"

"आराम, दादा."

"आराम कराया इतका खर्चा करून राह्यला तू? घरच्या बाजेला काय झालं?"

"तिथं हवा वेगळी असते."

"मंग हवा तिथली घेऊ, बाज आपली नेऊ. गादीवर मला झोप येत न्हाई, बिलकुल न्हाई."

जगन्नाथरावांनी बाज मोहिमेत घातली. तिच्या मागोमाग सिलिंडर आला, शेगडी आली, परात, पातेली, पुरणयंत्र, जावयाला बसायला चौरंग, उन्हात तूप पातळ होईल म्हणून बर्फाची पेटी, आणि डोंगरातलं पाणी डाळ शिजवायला कसं असेल कोण जाणे, म्हणून घरच्या पाण्याचे कॅनसुद्धा. रात्री पार्थ आणि यशश्री पुण्याहून आले, तर त्यांना दारातून आत यायला वाट सापडेना.

"बाबा, हे सगळं कशाला?" यशश्री म्हणाली. "आईला आराम म्हणून चाललोय ना आपण?"

"आरामच आहे. परवा पहाटे तुझ्या आईनं पुरण टाकलं की दुपारी पंगत. मग सगळे मोकळे."

"सगळे?" उमाबाईंनी विचारलं.

"म्हणजे तूसुद्धा. भांडी झाली की."

पार्थनं तोंड उघडलं, पण जगन्नाथरावांनी हात वर केला. "जावईबापू, तुम्ही या महिन्यात बोलायचं नाही, जेवायचं. धोंडे आधी, बाकी सगळं नंतर. डोंगर कुठं पळून चाललाय?"

सकाळी भाड्यानं ठरवलेली मिथुनची जीप दाराशी लागली. उमाबाईंनी अंगावर शाल घेतली, मांडीवर पिशवी घेतली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. इतक्या जल्दी त्या कोणत्याच गाडीत बसल्या नव्हत्या. मागं सामान चढू लागलं. बाज टपावर गेली. सिलिंडर सीटखाली बसेना, म्हणून सीटवर बसला. पातेल्यांनी दुसरी सीट घेतली. पाण्याचे कॅन चढले, आणि जगन्नाथराव पाहतात तर माणसं सगळी रस्त्यावरच.

"साहेब," मिथुन म्हणाला, "एक तर सामान जाईल, न्हाई तर मानसं. दोन्ही बराबर जायचं न्हाई."

जगन्नाथराव गाडीभोवती फिरले. कडूबांनी बाजेवर बसून जायची तयारी दाखवली. तेवढ्यात उमाबाई आतून बोलल्या, "सामान उतरवा."

"अगं, अन् धोंडे?"

"घरी करा. ओटा आहे, पाणी आहे, तुमचे लोकही इथंच आहेत."

"घरी करायचे तर तू उतर ना."

"मी नाही उतरत."

गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. जगन्नाथरावांनी आवाज खाली घेतला. "उमा, शोभतं का हे? धोंड्यात सासू घरी नाही म्हटल्यावर?"

उत्तर दिलं ते साळूबाईंनी. पदर खोचून त्या मागच्या दारातून चढल्या, सिलिंडर बाहेर ढकलला आणि त्याच्या जागी बसल्या. "भाऊजी, रीत तुम्ही अर्धीच सांगून राह्यले. धोंड्यात लेक आईची ओटी भरती, ते न्हाई ठाव? पोरीनं अन् जावायानं हे घर हिच्या ओटीत घातलंय. ओटीत पडलेलं मागं देत न्हाईत. चल गं यशू, बस."

"मग मीही..." पार्थ पुढं झाला.

"तुम्ही कुठं, जावाई? ज्याचे धोंडे त्यानं धोंड्यापाशी बसावं. धोंडे आधी, डोंगर मागून. तुमच्या सासऱ्यांचाच हुकूम हाय."

पार्थनं एकदा डोंगराच्या दिशेनं, एकदा सासऱ्यांकडं पाहिलं. मग हसून त्यानं आपली बॅग खाली काढली. "बाबा, डाळ भिजवतात का आधी?"

"पण करणार कोण?" जगन्नाथराव जीपच्या खिडकीला धरून म्हणाले.

"इतके दिवस सगळं ठरवलंयत की तुम्ही," उमाबाई म्हणाल्या. "आता फक्त करायचंच राहिलंय." उरलेलं सामान खाली उतरलं आणि त्यांनी मिथुनला निघायला सांगितलं.

वाटेत फोन वाजत राहिला. डाळीत पाणी किती, वेलदोडा कुठं, कडूबा पुरणयंत्र उलटं फिरवून राह्यलेत ते बरोबर का. यशश्री उत्तरं द्यायची. घाट लागला तशी फोनची रेंज गेली, आणि उमाबाईंनी डोकं सीटला टेकवलं.

दिवस मावळताना त्या पोचल्या. केबिन फोटोतल्यापेक्षा लहान होती, धुकं तर नव्हतंच. रखमाजीनं खुर्च्या बाहेर टाकल्या आणि विचारलं, "आई, जेवायला काय करू?"

हा प्रश्न उमाबाई रोज दुसऱ्यांना विचारत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पिठलं. अन् भाकरी गरम."

ताटं आली. पिठलं अळणी होतं. पहिल्या घासाला साळूबाई सवयीनं मीठ आणायला उठल्या, तशी उमाबाईंनी त्यांचा पदर धरून त्यांना खाली बसवलं. ताट मांडीवरच राहू दिलं, पाय लांब केले आणि बसल्या जागेवरून हाक मारली, "रखमाजी, मीठ आणा हो."