फिरत राहिलेली डाक

मित्रांनो, देवासला गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात ईमेल ने-आण करणारा मी एक जुना संगणक आहे. माझे सुटे भाग इंदूरच्या दुकानात जोडले गेले आणि १९९९ साली मी इथे आलो. कारखान्याची दुसरी शाखा धारला होती. तिथे माझ्यासारखाच एक भाऊबंद बसवला होता. टेलिफोनची लाईन जोडून आम्ही दिवसभर एकमेकांना डाक द्यायचो. सुरुवातीला लोक मुद्दाम मला बघायला यायचे आणि कौतुक करायचे.

माझी देखरेख अवंतीकडे होती. तिने मला एक नियम शिकवला होता. हाती आलेल्या प्रत्येक पत्रावर मी माझा शिक्का मारायचा, धारच्या भाऊबंदाने त्याचा. पत्रावर पंचवीस शिक्के झाले, की ते पोचत नाही, नुसतं फिरतंय, असं समजायचं. मग ते थांबवून, ‘पोचलं नाही’ असं लिहून, पाठवणाऱ्याकडे परत करायचं.

एकदा एका मोठ्या गिऱ्हाईकाचं पत्र असं परत गेलं आणि आमचे व्यवस्थापक श्रीपादराव नाराज झाले.

“अवंती, आपल्या इथून डाक वापस जाते हे बरं नाही दिसत. ती अट काढून टाक. धारचीही काढ.”

“सर, मग एखादं पत्र फिरतच राहील.”

“फिरू दे. कधी ना कधी पोचेल.”

नवी नोकरी होती. अवंतीने मुकाट्याने अट काढली.

तपासणी विभागातले शरदचंद्र तेव्हा काही महिन्यांसाठी धारला गेले होते. म्हणून त्यांची डाक मी धारला पाठवत होतो. ते देवासला परतले, तेव्हा धारच्या लोकांनी त्यांची डाक इकडे वळवली. पण माझ्याकडची जुनी सूचना काढायची राहून गेली. मी धारला पाठवायचो, धार मला परत पाठवायची.

त्याच दिवसांत शरदचंद्रांच्या मुलीचं, ऋजुताचं, पुण्याहून पत्र आलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. कुणाची पत्रं वाचायची मला सवय नाही, पण एकच पत्र इतक्यांदा हातांतून गेलं, की ओळी पाठ झाल्या. ‘बाबा, फोनवर बोलायचा धीर होत नाही. मनन धारजवळच्या अमझेऱ्याचा आहे, घरची शेती आहे. आम्हाला लग्न करायचंय. तुम्ही हो म्हणालात तरच.’

ते पत्र फिरत राहिलं. नंतर कानावर आलं, की दर रविवारी ती बापाला फोन करायची. तो तब्येत विचारायचा, जेवण विचारायचा. पत्राबद्दल चकार शब्द नाही. आई नसलेली ती मुलगी त्या गप्प राहण्याचा अर्थ लावत होती. मग तिचं दुसरं पत्र आलं. तेही फिरू लागलं.

शरदचंद्रांची बाकीची डाकही अशीच साचत गेली आणि माझा श्वास कोंडला. एका सकाळी सगळ्यांचीच डाक बंद पडली. अवंती माझ्यापुढे बसली. एकाच पत्रावर शेकडो शिक्के पाहून ती थबकली. पत्र न उघडता तिने फक्त वरचं नाव वाचलं आणि शरदचंद्रांना बोलावून आणलं.

“काका, ऋजुता तुमची कोण?”

“लेक. का गं?”

“तिची डाक दीड महिन्यापासून धार-देवास फिरतेय. तुम्ही वाचून घ्या, मी बाहेर थांबते.”

त्यांनी दोन्ही पत्रं वाचली. दुसरं एका ओळीचं होतं. ‘बाबा, तुमचं उत्तर समजलं. मी मननला नकार कळवला.’

 तिथूनच त्यांनी पुण्याला फोन लावला.

“ऋजू, तुझं पत्र आत्ता मिळालं. खरंच आत्ता. मी नाही म्हटलं नव्हतं गं.”

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. ते मात्र पुन्हा पुन्हा डोळे पुसत होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते अमझेऱ्याला गेले. मनन दुखावला होता. पहिल्या भेटीत तो धड बोललाही नाही. त्यांना आणखी दोनदा जावं लागलं. लग्न झालं ते पुढच्या वैशाखात.

पत्रं सापडली त्याच दिवशी अवंतीने पंचवीस शिक्क्यांची अट पुन्हा घातली. श्रीपादराव कुरकुरले.

“डाक पुन्हा वापस जाणार तर.”

“जाणार, सर. ते पत्र वापस गेलं असतं, तर पोचलं नाही हे तिला त्याच दिवशी कळलं असतं.”



आता माझ्या जागी नवं यंत्र आलं आहे आणि मी भांडारात धूळ खात पडलो आहे. त्याची तक्रार नाही. मित्रांनो, एवढंच सांगतो. कुणाचा निरोप तुमच्या हाती आला आणि तो पोचवता येत नसेल, तर इकडून तिकडे ढकलत राहू नका. ‘पोचला नाही’ असं पाठवणाऱ्याला मोकळेपणाने सांगा. त्याला वाईट वाटेल, पण तो दुसरा रस्ता शोधू शकेल.