पंख्याचा आवाज मात्र स्वच्छ

मी एक जुनी डिस्क आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं अजून फिरलेलंच आहे. गोड बोलणं आज मला जमणार नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी कोरी, लखलखीत होते. एका फोटो स्टुडिओने मला विकत घेतलं. तिथे एक बाई यायच्या. त्यांच्या आईला जन्मापासून ऐकू-बोलता येत नव्हतं. ती हातांनी बोलायची, आणि काय झरझर बोलायची! आजारपणात या आजीने नातीसाठी तीन तास गोष्टी सांगितल्या, सगळ्या बोटांनी. स्टुडिओवाल्यानेच घरी जाऊन त्या कॅमेऱ्याच्या टेपांवर टिपल्या, मग माझ्यात भरायला घेतल्या.

आता ऐका. माझ्यात जागा मोजकीच. चित्राला किती द्यायची, आवाजाला किती, हे भरणाऱ्याने ठरवायचं. चित्राला जागा कमी पडली की भरभर हलणारं आधी पुसट होतं. या महाशयांनी गाण्याच्या कार्यक्रमांची नेहमीची सेटिंग तशीच ठेवली. आवाज एकदम भारी! उरलेल्या जागेत आजीचे हात कोंबले.

त्यांची बायको म्हणाली, "अहो, एकदा लावून तरी बघा."

"त्यात काय बघायचंय? म्हातारी नुसती बसलीये!"

नुसती बसलीये म्हणे! वर त्याच टेपांवर दुसऱ्याचं शूटिंग करून मोकळे झाले. कॉम्प्युटरमधलंही पुसलं.

थोड्याच दिवसांत आजी गेली. मग घरी मला लावलं. आजी हसली, तिने हात उचलले आणि बोटांच्या जागी नुसते चौकोन थरथरले.

"आई, आजी काय म्हणते?"

बाईंनी मला मागे नेलं, हळू चालवलं, थांबवलं. "ससा... नाही गं. नाही कळत मला." आणि त्या रडायला लागल्या. पंख्याची घरघर मात्र काय स्वच्छ! खुर्चीची करकरसुद्धा ऐकून घ्या!

बाई दुकानात गेल्या, तर हा म्हणतो, "तुमचा टीव्ही जुना असेल." निर्लज्ज मेला!

मला जपा म्हणून मी गयावया करणार नाही. पण भरायला बसाल तेव्हा आधी विचारा, बघणाऱ्याला यातलं काय हवंय? आणि भरलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय मूळ टेपेला हात लावू नका.

नात अजून मला लावते. पडद्यासमोर उभी राहून त्या पुसट हातांसारखे आपले हात हलवते आणि विचारते, "बरोबर?"

"अगदी बरोबर," आई म्हणते.

तो कुठलाच शब्द नसतो, मित्रांनो.