इल्हामची साक्ष

हेमलताचं सकाळपासून कशातच लक्ष नव्हतं. पोळी तव्यावर करपली. गॅस बंद केलाय ना, हे ती उगाच दोनदा पाहून आली. वरच्या मजल्यावरची डॉक्टर इल्हाम यायची होती, आणि नवऱ्याला, कुमारला, यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

इल्हामचा देश तांबड्या समुद्रापलीकडचा, यादवीनं खिळखिळा झालेला. सौदीत जेद्दाला येण्याआधी ती तिथल्या सरकारी इस्पितळात नवजात बाळांच्या वॉर्डात होती. जनरेटरसाठी आलेला डिझेलचा टँकर एका मंत्र्याच्या माणसांनी दारातूनच वळवला. इल्हाम रुग्णवाहिका घेऊन त्याच्या मागे गेली, तर टँकर मंत्र्याच्या भावाच्या बर्फाच्या कारखान्यात रिकामा होत होता. ती परतली तेव्हा वीज जाऊन वॉर्डातल्या बाळांच्या काचेच्या पेट्या थंड पडल्या होत्या.

आता तिकडे चौकशी समिती बसली होती. साक्ष व्हिडिओवर द्यायची होती, पण स्वतःच्या घरातून नको, कारण तिथेच राहणाऱ्या तिच्या दिराचा मंत्र्याच्या माणसांशी घरोबा; म्हणून हेमलतानं आपलं घर देऊ केलं होतं.

इल्हाम आली, लॅपटॉपसमोर बसली, अरबीत बोलू लागली. तोच दारात किल्ली फिरली. जुबैल शहरातलं काम पुढे ढकललं म्हणून कुमार विमानतळावरूनच परतला होता. पडद्यावरची माणसं पाहून त्यानं हेमलताला स्वयंपाकघरात ओढलं.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आपण इथे पोटासाठी आलोय. नोकरी देणाऱ्या कफीलच्या कानावर गेलं तर इकामा, राहायचा परवानाच जाईल. आपल्या सानिकाची बारावी आहे!"

"ठाऊक आहे."

"मग? तिच्या देशाचं तिनं पाहावं!"

"पाहतेच आहे ती. फक्त बसायला जागा नव्हती."

बाहेर आवाज थांबला. दोघं डोकावले. समितीतले एक गृहस्थ मंत्र्याचं नाव विचारत होते. इल्हामनं पाण्याचा घोट घेतला आणि नाव सांगितलं, त्याच्या बापाच्या नावासकट. कुमारनं कपाळाला हात लावला. मग जाऊन दाराला आतून कडी घातली.

पुढचे काही दिवस दोघांचा जीव टांगणीला लागला. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस दिसला की हेमलता जिन्यानं जायची. कुमार रोज रात्री दाराची कडी तपासायचा. मग बातमी आली, मंत्री पायउतार झाला! हेमलता शिऱ्याची वाटी घेऊन वर धावली, तर इल्हामचे डोळे सुजलेले. तिकडे तिच्या धाकट्या भावाला घरातून उचलून नेलं होतं.

पंधरवड्यानं तो सुटला, बोटं मोडलेली. त्याच आठवड्यात मंत्र्याला राजदूत करून परदेशी धाडलं.

"मग मिळवलंस काय?" हेमलतानं न राहवून विचारलं.

"टँकर आता इस्पितळात पोचतो," इल्हाम म्हणाली. "किती दिवस, ते माहीत नाही."

महिन्याभरानं ती पुन्हा खाली आली. या खेपेला कुमारही घरात होता. निवृत्त न्यायाधीशांची नवी समिती नेमली होती, आणि तिला पुन्हा बोलायचं होतं. भावानंच बोल म्हणून सांगितलं होतं.

हेमलतानं कुमारकडे पाहिलं. त्यानं रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

"तिला सांग, त्या भिंतीसमोर नको बसू," तो म्हणाला. "मागच्या वेळी पाठीमागे आपलं मराठी कॅलेंडर दिसत होतं."

हेमलता उठून कॅलेंडर काढायला गेली. खिळ्यावरून दोरा सुटेना, तेव्हा तिनं खिळाच उपसून काढला.