पियानोच्या पोटातली टाकी

कारंज्याच्या जवरीलाल शेठकडे पियानो आला त्याला बारा वर्षं झाली, आणि बारा वर्षं त्याच्या पोटात हात घालणारा माणूस एकच, भिवाजी. गडी मूळचा बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारा. पण सूर लावायची किल्ली हाती आली की असा ऐटीत बसायचा, जणू शेठच त्याच्या घरी पाहुणा आलाय! लाकूड सुकलं, पट्टी अडकली, की शेठची नात जिनल फोन करायची, "काका, लवकर या ना." तेवढ्यावर भिवाजी महिनाभर खूश.

आणि आता हा रविकांत आला, नागपूरहून.

शेठच्या मुलानं, अर्पितनं त्याला बोलावलं होतं. बैठकीतल्या कूलरच्या पाण्यात अळ्या निघाल्या, तशी धापूबाईंनी, म्हणजे शेठाणीबाईंनी, कूलर घराबाहेर काढला आणि त्या जागी एसी आला. रविकांत पियानोची खालची फळी काढून आत एक विजेची कांब आणि पाण्याची टाकी बसवत होता, आणि भिवाजी बाजूला बसून बघत होता.

"दमट झालं की कांब तापते. कोरडं झालं की टाकीतून ओलावा मिळतो. कूलर होता तोवर निभावलं, पण एसी हवा पार कोरडी करतो. आता सूर फारसे उतरायचे नाहीत. वर्षातून एकदा मी येऊन जाईन."

"दादा, तुमाले किती माहीत आहे!" जिनल म्हणाली.

भिवाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षांत या पोरीनं आपल्याला असं कधी म्हटलं? कधीच नाही! आणि सगळ्यात वाईट म्हणजे रविकांतचं बोलणं खरं होतं. भिवाजीला ते पुरतं कळत होतं, म्हणून तर जास्त जळत होतं.

तो उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. धापूबाई फडक्यानं पाणी गाळत होत्या. त्यांच्या जैन घरात पाणी गाळून, उकळून घ्यायचं, आणि उकळलेलंही दुसऱ्या दिवशी चालायचं नाही.

"बाई, त्या टाकीतलं पाणी आठ-आठ दिवस तसंच राहीन म्हणते तो."

धापूबाईंचा हात थांबला. "आठ दिवस?"

"त्यात जीव होतीन, अन् खाली गरम कांब. जाऊ द्या, मले काय कराचं!"

'जाऊ द्या' म्हणायचं आणि जाऊ द्यायचं नाही, यात भिवाजी तरबेज होता.

धापूबाई तडक बैठकीत आल्या. "अर्पित, माह्या घरात हे पाणी नाही पायजे. काढ ते."

"पाण्याशिवाय उन्हाळ्यात याचा उपयोग नाही," रविकांत म्हणाला. "आतली मोठी फळी तडकेल, आजी."

अर्पितनं भिवाजीकडे पाहिलं. "काका, तुमी सांगा. पाण्याबिगर चालन काय?"

सगळे त्याच्याकडेच बघत होते. काय गोड वाटलं त्याला!

"न चालाले काय झालं? बारा वर्सं मीच त चालवलं."

रविकांतनं टाकी, कांब, सगळं काढलं आणि निघून गेला.

मे महिन्यात जिनलचा फोन आला. भर दुपारी बैठकीत फटकन काहीतरी वाजलं होतं. भिवाजीनं पियानो उघडून बॅटरी मारली. आवाज जिच्यातून घुमतो ती मोठी फळी वरपासून खालपर्यंत उभी चिरली होती. तारांच्या खुंट्याही ढिल्या पडल्या होत्या. किल्ली लावली की फिरायच्या आणि सोडली की मागं यायच्या.

"त्या नागपूरवाल्यानंच ठोकाठोकी करून बिघडवला असन," धापूबाई म्हणाल्या. "बरं झालं, तुमी वेळेवर सांगतलं. आता तुमच्याशिवाय याले कोणाचाच हात लागू देत नाही मी."

हेच तर हवं होतं त्याला. इतके महिने हेच! भिवाजीनं किल्ली जमिनीवर ठेवली.

"माह्यानंबी होत नाही आता, बाई. पाणी पायजे होतं याले. मले तवाच माहीत होतं."