तात्यांचा हल्ला

ग्रंथालयाचे कॉम्प्युटर सांभाळायला रुजू होऊन महिना व्हायच्या आत सगळे तिला कुलूपबाई म्हणायला लागले. आल्या आल्या तिने सर्व्हरची दारं-खिडक्या तपासली, नको ती बंद केली, सगळ्यांचे पासवर्ड बदलले आणि एक ओपन सोर्स पहारेकरी बसवला. तीनदा चुकीची ओळख सांगणाऱ्याला कायमचं बाहेर काढायचं, एवढंच त्या प्रोग्रॅमचं काम. ना ओळखपाळख, ना भीडभाड. तिला तो फार आवडला.

पहिल्याच दिवशी त्याने एक चोर पकडला. रोज दुपारी एक दहाला, सगळे जेवायला बसले की, शहरातल्याच एका घरगुती इंटरनेटवरून कुणीतरी सर्व्हरचं दार ठोठावायचं. बंदी घातली तरी ठोठावणं थांबेना. तीन आठवडे झाले.

"चिवट आहे," तिने देवघेवीच्या खिडकीवरच्या बाईंना सांगितलं. "आणि निर्लज्जही. लॉगिनचं नाव काय, तर 'तात्या'."

बाईंचा घास हातातच राहिला. "अगं, ते आपलेच! तुझ्या खुर्चीत वीस वर्षं बसले. गेल्या वर्षी रिटायर झाले."

"मग आता काय चोरतायत?"

"ते तूच विचार. दोन स्टॉपवर घर आहे."

ती त्या ठोठावण्याच्या नोंदींची छापील पानं घेऊन त्याच दिवशी गेली. दार काकूंनी उघडलं. "ऑफिसातून ना? या. कधीची वाट बघतायत."

तात्या चष्मा पुसत बाहेर आले. तिने पानं पुढे केली. "तुम्ही आमच्या सर्व्हरवर रोज हल्ला करताय."

तात्यांनी पानं नीट वाचली. "हल्ला नाही. बॅकअप."

नऊ वर्षांपूर्वी ऑफिसातली बॅकअपची डिस्क गेली होती. नव्या डिस्कसाठीचा अर्ज वर गेला, तो वरचाच झाला. तेव्हापासून तात्यांच्या आतल्या खोलीतला एक जुना कॉम्प्युटर रोज ग्रंथालयाची नक्कल घरी आणत होता. रिटायर झाल्यावर कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी तो बंद केला नाही. काकू त्यावर मोजे वाळवत.

"पण ऑफिसातही बॅकअप होतो," ती म्हणाली. "रोज 'यशस्वी' असा निरोप येतो."

"येणारच. तो रिकाम्या फोल्डरची नक्कल करतो. यशस्वीपणे."

म्हणजे तीन आठवडे अकरा शाखांची सगळी नोंद रामभरोसे होती, आणि रामालाही तिनेच बाहेर काढलं होतं.

"ही नक्कल कधी उघडून पाहिलीत?" तिने विचारलं.

तात्या छताकडे बघू लागले.

"नाही पाहिली," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या. "मी दोनदा सांगितलं होतं."

मग दोघांनी मोजे बाजूला केले आणि नक्कल उघडायला बसले. दीड तास लागला. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंतचं सगळं जागच्या जागी होतं. दोघांनीही सुटकेचा श्वास एकमेकांना दिसू न देता सोडला.

"पुढचं नाही, ते माझ्यामुळे," ती म्हणाली.

"कुलूप चांगलं लावलंत," तात्या म्हणाले. "माझ्या वेळी मला कुणी अडवलंच नाही." हे सांगताना त्यांना बरं वाटत नव्हतं, पण सांगितलं.

"वाचकांची नावं-पत्ते असे घरी ठेवणं नियमात बसत नाही, तात्या."

"नियमात बॅकअपच बसत नव्हता, बाई."

दुसऱ्या दिवशी तिने सगळं लिहून ग्रंथपालांपुढे ठेवलं. स्वतःची चूक पहिल्या ओळीत, तात्यांची दुसरीत. ग्रंथपालांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे आपण सुरक्षित होतो की नव्हतो?"

"चोरांपासून होतो, सर."

आठवड्यात नवा कॉम्प्युटर आला. तो तिने दुसऱ्या शाखेत बसवला, नक्कल कुलूपबंद केली आणि ती दर महिन्याला उघडून पाहायची असं ठरवलं. तात्यांनी आपली डिस्क टॉवेलात गुंडाळून आणली. तिच्यावरची नक्कल पुसली जाईपर्यंत ते शेजारी उभे राहिले. पुसून झाल्यावर त्यांनी टॉवेलाची नीट घडी केली.

पहिल्या तपासणीला तिने त्यांना मुद्दाम बोलावलं. नक्कल उघडेना. तिने घाईत त्या कुलपाच्या किल्लीची फाइल चुकीच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. ती सापडायला वीस मिनिटं गेली. तेवढा वेळ तात्या मागे खुर्चीवर बसून होते. चुकीचा फोल्डर त्यांना दुसऱ्याच मिनिटाला दिसला होता.