आवाजाचा ड्रायव्हर

सुट्टीच्या दिवशीही धाकट्याच्या नशिबी कॉम्प्युटरच होता. आठवडाभर दुकानात लोकांचे उघडायचे आणि सुट्टीला घरच्यांचे. दुरुस्ती येणाऱ्या माणसाला नातेवाईक कधी कमी पडत नाहीत. पण आजचं काम टाळण्यासारखं नव्हतं. वहिनीचा आवाज त्यात होता.

घशाचं ऑपरेशन होण्याआधी वहिनीने रोज बसून वाक्यं वाचली होती आणि आपला आवाज एका प्रोग्राममध्ये भरून ठेवला होता. नंतर ती टाइप करायची आणि कॉम्प्युटर तिच्या आवाजात बोलायचा, तिच्यासारखाच ‘र’वर जरा रेंगाळत. परवा तो कॉम्प्युटर जळाला. प्रोग्राम बनवणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून गेलेली. उरला होता तो धाकट्यानेच मागे कधीतरी घेतलेला, अख्ख्या मशीनचा एकुलता एक बॅकअप. तो नव्या मशीनवर चालला तर वहिनी बोलणार, नाहीतर जन्मभर पाटी-पेन्सिल.

बॅकअप चढवला आणि निळी स्क्रीन आली. जुन्या सिस्टिमला नव्या मशीनची डिस्कच ओळखता येईना. धाकट्याने पेन ड्राइव्हवरून डिस्कची ओळख करून देणारा ड्रायव्हर आत घातला. पुन्हा निळी.

“काय म्हणतोय?” खुर्चीमागे येरझाऱ्या घालणाऱ्या थोरल्याने विचारलं.

“ड्रायव्हर नाही म्हणतोय.”

“माझी हयात गेली बस चालवण्यात. सांग, मी बसतो.”

धाकट्याला हसायचंही त्राण नव्हतं. वहिनीने पाटीवर लिहिलं, “यांना नको. स्टॉपवर थांबत नाहीत.”

दुसरा ड्रायव्हरही चालला नाही. तिसऱ्याने एकदाची सिस्टिम उठली. मग पडद्याचा ड्रायव्हर, मग नेटचा, आणि शेवटी आवाजाचा. स्पीकरमधून टण् झालं तसा थोरला थबकला. वहिनीने घाईघाईने काहीतरी टाइप करून बटण दाबलं.

काहीच नाही.

धाकट्याने आवाजाचा ड्रायव्हर काढला, जुना घातला, तोही काढला. दर वेळी टण् व्हायचं आणि वहिनी मात्र गप्प. त्याची पाठ भरून आली होती. थोरला स्टुलावर बसला आणि म्हणाला, “गेला वाटतं रे.”

मग धाकट्याच्या डोक्यात उशिरा का होईना उजेड पडला. टण् होतंय, म्हणजे ड्रायव्हर ठीक आहे. मुका आहे तो प्रोग्राम. त्याने सेटिंग उघडली. ‘आवाज बंद’वर खूण होती.

“वहिनी, मी बॅकअप घेतला तेव्हा तुमचा दादाशी अबोला होता का?”

वहिनीने पाटी उलटी करून ठेवली. थोरला छताकडे बघू लागला. भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही आठवत नसावं. बाकीचे लोक तोंड मिटतात. हिने प्रोग्रामचा आवाज बंद केला होता. आणि सकाळपासून धाकटा ड्रायव्हरच्या मागे लागून घाम गाळत होता.

त्याने खूण काढली. वहिनीने मघाशी टाइप केलेलं पुसून प्रोग्रामने जपून ठेवलेलं शेवटचं वाक्य चौकटीत आणलं. अबोल्यातलं, थोरल्याने पडद्यावर वाचावं म्हणून लिहिलेलं. धाकट्याने बटण दाबलं.

“जेवण झाकून ठेवलंय,” वहिनीचा आवाज म्हणाला. “ज्याला हवं त्याने वाढून घ्यावं.”

मग थोरला भिंतीकडे बघत म्हणाला, “ज्याला हवं होतं, तो त्या दिवशी उपाशीच झोपला.”

वहिनीने कीबोर्ड पुढे ओढला आणि सावकाश टाइप केलं.

“विचारलं असतंत,” आवाज ‘र’वर जरा रेंगाळला, “तर मीही जेवले असते.”