रिकाम्या सीटचा पट्टा

माझी बायको हबीबा गेली त्या वर्षी, म्हणजे १९९१ साली, मी ढगातून विमान चालवण्याच्या परीक्षेची तयारी करत होतो. भिवंडीत माझे कापड विणायचे लूम होते. छोटं विमान चालवायचं लायसन्स आधीच काढलं होतं, पण ते स्वच्छ हवेपुरतं. ढगात बाहेरचं काहीच दिसत नाही, समोरच्या काट्यांवर चालवावं लागतं. त्याची परीक्षा वेगळी.

तयारी हबीबाच करून घ्यायची. डब्यांची झाकणं पलंगावर मांडून त्यांवर खडूने काटे काढायची. हा वेग, ही उंची, हे क्षितिज. "बोला मोठ्याने," म्हणायची. मी एकाच झाकणाकडे बघत राहिलो की टोमणा मारायची, "बाजूच्या गल्लीतला लूम बिघडला तर तुम्हाला झोपेत कळतं. नाकासमोरचा काटा दिसत नाही होय?"

हवा चांगली असली की विमानात माझ्या उजवीकडे बसून यायची. मे महिन्यात तिला कावीळ झाली आणि त्यातच ती गेली.

त्यानंतर मी विमानं शिकवणाऱ्या क्लबात जास्तच जाऊ लागलो. मुलीला वाटलं, अब्बा मन रमवतायत. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. सरावाच्या वेळी डोक्यावर एक टोपी घालतात. तिच्या कडा इतक्या लांब असतात की काट्यांशिवाय काही दिसत नाही. बाजूला कोण बसलंय तेही नाही. मग उजवीकडे हबीबा आहे असं माझ्या अंगाला कळायचं. घरी ती नव्हती, कब्रस्तानात मातीजवळ बसलो तरी नव्हती. इथे होती. टोपी काढायला सांगितली की मी आणखी एक फेरी मागायचो.

शिकवणारे कॅप्टन सावळाराम दापोड्याचे, हवाई दलातून निवृत्त झालेले. एकदा विमानात चढता चढता म्हणाले, "इक्बालशेट, वळताना तू मान उजवीकडं नेतोस. कोणाला बघतोस?"

"कोणाला नाही, कॅप्टन."

"माझी मिशी बघण्यासारखी न्हाय रे. ऐक. आज खरा ढग हाय, टोपी न्हाय. आज जमलं न्हाय तर मी क्लबात सांगणार, याला पुन्हा विमान देऊ नका. तुझ्या पोरीला मला तोंड दाखवायचं हाय."

विमान हातातून गेलं तर हबीबाही जाणार होती. मी चढून बसलो.

वडपे गावाच्या पुढे ढगात शिरलो. सगळीकडे पांढरं. कॅप्टन म्हणाले, "डावीकडं घे." मी वळण घेतलं आणि राहवलं नाही, मान उजवीकडे वळवली. तिथे पांढऱ्या मिशीचा म्हातारा बसला होता.

त्याच क्षणी विमान उजवीकडे कोसळतंय असं वाटलं. सगळं अंग ओरडत होतं, आणखी डावीकडे ओढ. काटे सांगत होते, डावीकडेच चाललायस, जास्तच कललायस, उंची जातेय. मनात आलं, जाऊ दे. काहीच करायला नको.

कॅप्टनचे हात मांडीवरच होते. "अंग खोटं सांगतंय," ते म्हणाले. "काटा बघ."

काटा खरा मानायचा तर अंग खोटं. आणि अंग खोटं तर ती टोपीखालीही नव्हती. एकदाही नव्हती. बाजूला एका माणसाचा जीव होता, घरी मुलगी होती. मी मोठ्याने बोलायला लागलो. क्षितिज. वेग. क्षितिज. उंची. चुकत होतो, पुन्हा बोलत होतो. टोमणा मारायला कोणी नव्हतं. विमान सरळ झालं तेव्हा माझा आवाज बसला होता.

"जमलं," कॅप्टन एवढंच म्हणाले, आणि त्यांनी हातांचा घाम मांडीवर पुसला.

पुढे परीक्षा झाली. पासही झालो. मग पहिल्यांदा एकट्याने ढगात जायचा दिवस आला. मे महिन्यापासून मी एकटा उडालोच नव्हतो. एकटं जाताना रिकाम्या सीटचा पट्टा बांधून ठेवायचा नियम असतो, नाहीतर तो हवेत सुटून कुठेतरी अडकतो. मी पट्टा हातात धरून बसलो. खालून क्लबचा महादू ओरडला, "शेट, काय झालं? उतरता का?"

"नाही," मी म्हणालो.

पट्टा लावला आणि ओढत गेलो. मधे कोणी नव्हतं. तो शेवटपर्यंत आवळला गेला.